शेर-पायलीतला तांदूळ किलो-ग्रॅममध्ये कसा लिहावा?

पांझराकाठ, धुळे

नमस्कार. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर लिहीत आणलेली पाककृतींची एक वही माझ्याकडे आहे आणि तीत तांदळाचे एकही माप वजनात नाही. रोजच्या भाताला 'दोन वाट्या', पितरांच्या खिरीला 'एक चिपटे', घरी पाहुणे असले की 'एक शेर' आणि पंगतीला 'एक पायली' असे त्या लिहीत. मी त्यांच्या हाताखाली शिकले तेव्हा ही सगळी भांडी डोळ्यांसमोर होती, त्यामुळे शेर म्हणजे किती ग्रॅम हा प्रश्न मनात येण्याचे कारणच नव्हते. आता जाऊबाई नाशिकला आणि पुतणी पुण्याला राहते. दोघींनाही ही वही हवी आहे, परंतु त्यांच्या घरी शेर नाही, पायली नाही, आणि वाटी आहे ती आमच्या वाटीएवढी नाही. म्हणून संपूर्ण वही ग्रॅम-किलोत उतरवून देण्याचे मी मनावर घेतले आहे.

हे काम वाटते तितके सरळ नाही, हे मला गेल्या वैशाखात कळले. घराची वास्तुशांत होती आणि चाळीस पाने मांडायची होती. वहीत चाळीस पानांना एक पायली तांदूळ आणि 'पाणी दुप्पट' असे लिहिले आहे. पायली म्हणजे चार शेर हे मला ठाऊक होते आणि शेर म्हणजे जवळजवळ किलो असे सगळेच म्हणतात, म्हणून मी चार किलो जुना कोलम तोलून घेतला आणि आठ लिटर पाण्याचे आधण ठेवले. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी मनासारखी झाली. भात मात्र पाणी आटून गेल्यावरही कणी राहिलेला आणि तळाला लागलेला निघाला. पहिली पंगत बसलेली असताना वरून उकळते पाणी शिंपडत तो पुन्हा वाफेवर ठेवावा लागला, आणि त्या दिवशी सासूबाईंची आठवण मला फार झाली. त्यांचा भात या मापाने कधी बिघडला नव्हता. तेव्हा चूक वहीत नाही, ती माझ्या हिशेबात आहे, एवढे मला कळते. ती नेमकी कुठे आहे हे कळत नाही.

तांदळाच्या एका कपाचे वजन शोधले तर कोणी १५० ग्रॅम सांगते, कोणी १८५, कोणी २००. यांतले खरे कोणते धरावे? शेराचे आणि पायलीचे वजन काय लिहावे? आणि तांदूळ वजनाने घेतला तर 'पाणी दुप्पट' हे वाक्य वहीत तसेच ठेवावे की बदलावे? जाणकारांनी सविस्तर सांगितले तर मोठी मदत होईल.

गिरणाथडी, चाळीसगाव

ताई, आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले, कारण बत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवताना मापन हा धडा मी दरवर्षी स्वयंपाकघरातल्या भांड्यांनीच सुरू करत असे. आपल्या हिशेबात एकाच मुळाच्या दोन चुका झाल्या आहेत. आधी शेराची चूक पाहू.

आपल्याकडे शेर दोन होते. एक वजनी शेर, जो तराजूत घालत, आणि दुसरा मापी शेर, ज्याने धान्य भरून मोजत. 'शेर म्हणजे जवळजवळ किलो' हे वाक्य वजनी शेराचे आहे: पक्का शेर ८० तोळ्यांचा, एक तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे शेर ९३३ ग्रॅमचा. सासूबाईंच्या वहीतला शेर हा नव्हे. तो मापी शेर आहे, कारण त्याच्या शेजारी चिपटे आणि पायली आली आहे, आणि ही सगळी भरून मोजण्याच्या मापांची भावंडे आहेत: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडिशेरी आणि दोन अडिशेऱ्यांची पायली. हे दोन शेर एक नव्हेत याची खूण जुन्या अंकगणितातच सापडते. वजनी मण ४० शेरांचा असे, तर मापी मण १२ पायल्यांचा, म्हणजे ४८ शेरांचा. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजने-मापे ठरली आणि ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने बाजारात आली, तेव्हा दुकानातला वजनी शेर लवकर गेला. घरातला मापी शेर मात्र पितळेचा आणि टिकाऊ असल्याने कोठीत राहिला. नाव एकच राहिल्यामुळे पुढच्या पिढीने एकाचे वजन दुसऱ्याला लावले. आपण त्याच वाटेने गेलात, आणि आपल्यासारखे पुष्कळजण गेले आहेत.

त्यातही मापी शेर आणि पायली गावोगाव लहानमोठी होती. म्हणून 'एक पायली म्हणजे इतके किलो' असा आकडा कोणी ठामपणे सांगितला तरी तो आपल्या वहीला लावू नका. आपल्या घरातली पायली हेच आपल्या वहीचे प्रमाण आहे. ती जपून ठेवली असेल तर काम निम्मे झाले असे समजा.

आता ते भांडे वजनात कसे आणायचे ते सांगतो. स्वयंपाकघरात वापरायचा डिजिटल काटा घ्यावा, रिकामे भांडे त्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा, मग भांडे काठोकाठ पाण्याने भरावे. एक मिलिलिटर पाण्याचे वजन एक ग्रॅम असते, त्यामुळे काटा जितके ग्रॅम दाखवील तितके मिलिलिटर त्या भांड्याचे आकारमान. नंतर भांडे कोरडे करून त्यात कोरडा तांदूळ भरावा, सुरीच्या पाठीने किंवा तळहाताने सपाट करावा आणि पुन्हा तोलावा. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की आपल्या तांदळाचा गुणक मिळतो, आणि तो बहुतेक वेळा पाऊण ते ८५ शतांश यांच्या दरम्यान येतो. लांब सडक बासमती पाऊणाच्या जवळ, कोलमसारखा बारीक तांदूळ ०.८ च्या आसपास, आखूड जाड तांदूळ ०.८५ च्या जवळ. तुटका तांदूळ आणि कणी फटींत बसते, म्हणून तीच वाटी जराशी जड भरते.

मुले वर्गात नेहमी एक प्रश्न विचारत आणि तो मला आजही आवडतो: तांदळाचा दाणा पाण्यात बुडतो, म्हणजे तो पाण्याहून जड आहे, मग तांदळाची वाटी पाण्याच्या वाटीहून हलकी कशी? उत्तर फटींत आहे. दाणा स्वतः पाण्याच्या सुमारे १.४ पट जड असतो, पण वाटीत दाण्यांमधली मोकळी जागा शंभरांत चाळीस-पंचेचाळीस असते आणि तिथे हवा असते. दाणा लांब असेल तर फटी जास्त राहतात. भांडे ठोकून भरले तर दाणे बसतात, फटी कमी होतात आणि त्याच भांड्यात शंभराला पाच-सहा ग्रॅम तांदूळ जास्त मावतो. आपल्याला जे १५०, १८५ आणि २०० असे वेगवेगळे आकडे मिळाले त्यांत खोटा कोणताच नाही. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा असतो, त्यात लांब तांदूळ १८५ ग्रॅम आणि आखूड तांदूळ २०० ग्रॅम बसतो. १५० चा आकडा दुसऱ्याच कपाचा असणार.

आता दुसरी चूक, आणि भात बिघडला तो मुख्यतः हिच्यामुळे. 'पाणी दुप्पट' हे वाक्य मापाचे आहे. ज्या पायलीने तांदूळ घेतला त्याच पायलीने दोनदा पाणी घ्यायचे, असा त्याचा अर्थ. तांदूळ किलोत आणि पाणी लिटरमध्ये घेतले की हे दुप्पट आपोआप अडीचपट होते, कारण एक किलो तांदूळ जागा घेतो ती सव्वा लिटरची, आणि सव्वा लिटरच्या दुप्पट अडीच लिटर. आपल्या चार किलो तांदळाला सासूबाईंच्या वाक्याप्रमाणे दहा लिटर पाणी हवे होते. आपण आठ लिटर घातले. मापाच्या भाषेत सांगायचे तर आपण दुप्पट पाणी घातलेच नाही, एक पूर्णांक सहा दशांश पट घातले. आपण एवढ्या काळजीने मोजून घेतलेत आणि तरी दोन लिटर कमी पडले, हे वाचून मला खरोखर वाईट वाटले.

आचारी, यावल

ताई, सरांनी सांगितलेला हिशेब बरोबर आहे आणि मी गेली अठरा वर्षे लग्नकार्यांत तांदूळ वजनानेच घेतो, कारण पाच पोत्यांची मापे मोजत बसणे शक्य नसते. मात्र पाण्याबद्दल एक गोष्ट भर घालून सांगायला हवी, नाहीतर आपण पुढच्या वेळी अडीचपटीवर विसंबाल आणि भात गिजगोळा होईल.

भाताला घातलेले पाणी दोन ठिकाणी जाते. काही तांदूळ पितो आणि काही वाफ होऊन उडून जाते. तांदूळ पितो ते पाणी तांदळाच्या वजनाबरोबर वाढते. वाफेने जाते ते पाणी तांदळाकडे पाहत नाही. ते पातेल्याचे तोंड किती रुंद, झाकण किती घट्ट, जाळ किती मोठा आणि किती वेळ, यावर ठरते. दोन वाट्यांच्या भाताला वाफेत गेलेले पाणी फार मोठा हिस्सा असते. तांदूळ वीसपट केला म्हणून वाफ वीसपट जात नाही. त्यामुळे माणसे वाढतील तसे किलोमागचे पाणी थोडे थोडे उतरवावे लागते. जुना कोलम, न भिजवलेला, रुंद पातेले आणि उघडी चूल असेल तर मीही किलोला अडीच लिटर धरतो. तोच तांदूळ अर्धा तास भिजवलेला असेल आणि झाकण घट्ट बसत असेल, तर किलोला सव्वादोन लिटर पुरते. नव्या तांदळाला आणि इंद्रायणीसारख्या चिकट तांदळाला त्याहूनही कमी, आणि कुकरमध्ये तर वाफ कोंडलेलीच असते, तिथे दुपटीच्या मापाने जाऊच नये. आपल्याकडे वैशाखात अंगणात मोठ्या शेगडीवर वारा लागत असणार, तांदूळ जुना होता आणि भिजवल्याचे आपण लिहिलेले नाही. अशा वेळी आठ लिटर कोणत्याही हिशेबाने कमीच होते.

भिजवण्यावरून आणखी एक. तांदूळ तोलायचा तो कोरडा, निवडून झाल्यावर आणि धुण्याआधी. अर्धा तास भिजलेला आणि निथळलेला तांदूळ आपल्या वजनाच्या जवळजवळ चौथाई पाणी पिऊन बसलेला असतो. एक किलोचे ते सव्वा किलो झालेले असते. असा ओला तांदूळ तोलून त्यावर पाण्याचा हिशेब केला तर चूक दोन्हीकडून होते. कोरडा एक किलो तोलावा, भिजवावा, निथळावा, आणि आधणातून पाव लिटर पाणी कमी करावे.

पेज काढून वेळलेला भात करायचा असेल तर यातले काहीच पाहू नये. भरपूर पाण्यात तांदूळ वैरावा आणि दाणा बोटाने चेपून पाहून वेळावा. शंभर पानांच्या वर मी तेच करतो.

साळीचा शेतकरी, नवापूर

आमच्या भागात साळ पिकते, त्यामुळे पायली आमच्या घरात अजून हाताळली जाते. माझ्या दृष्टीने या चर्चेत एक गोष्ट राहिली आहे, ती शीग. खळ्यावर रास मोजताना पायली सपाट भरत नाहीत. काठाच्या वर धान्याचा जो शंकू उभा राहतो तो शीग, आणि तो पडू न देता माप ओतणे हे मोजणाऱ्याचे कसब. पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात, तेही शिगेसकट भरलेल्या मापालाच. 'उत्साह शिगेला पोहोचला' असे आपण म्हणतो ते याच शिगेवरून आले आहे. तेव्हा ताईंनी आधी हे आठवून पाहावे की त्यांच्या सासूबाई पायली शीग लावून भरत की सपाट. हा फरक चिमूटभर नसतो. पसरट वाटीला शीग लावली तर पाचवा हिस्सा तांदूळ जास्त येतो. उंच आणि अरुंद पेल्याला तेवढा येत नाही, कारण शीग तोंडाच्या रुंदीवर उभी राहते. पाण्याला तर शीग लागतच नाही. म्हणजे शीग लावून तांदूळ आणि सपाट पाणी घेणाऱ्या घरातले 'दुप्पट' प्रत्यक्षात दुपटीपेक्षा कमी असते.

दुसरे असे की जुन्या वह्यांत कधी कधी 'भात एक पायली' असे लिहिलेले असते आणि तिथे भात म्हणजे शिजवलेला भात नव्हे, सालीसकट साळ. साळ तांदळापेक्षा बरीच हलकी. तिचे टरफल आणि कोंडा निघाला की शंभर किलोचे पासष्ट-सदुसष्ट किलो तांदूळ उरतात, आणि मापाने पाहिले तर दोन पायल्या साळीची जेमतेम एक पायली होते. आमच्या आजीच्या टिपणात हा घोळ होता, म्हणून सांगून ठेवतो.

तापीचे पाणी, भुसावळ

सरांनी ज्या दुसऱ्या कपाचा उल्लेख केला तो बहुधा विजेच्या राइस कुकरबरोबर येणारा प्लॅस्टिकचा कप असावा. तो १८० मिलिलिटरचा असतो, कारण जपानमध्ये तांदूळ मोजण्याचे 'गो' नावाचे जुने माप तेवढे आहे, आणि त्यात तांदूळ सुमारे १४५ ते १५० ग्रॅम बसतो. कुकरच्या भांड्यावर आतून ज्या रेघा असतात त्याही याच कपाच्या असतात. पुण्याच्या पुतणीकडे असा कुकर असेल तर वहीत कप हा शब्द लिहूच नका. तिच्याकडचा कप एक आणि केकच्या कृतीतला २४० मिलिलिटरचा कप दुसरा.

ज्यांच्याकडे काटा नाही त्यांनी तांदळाची एक किलोची बंद पिशवी आणावी आणि ती आपल्या वाटीने सपाट मोजत दुसऱ्या डब्यात ओतावी. जितक्या वाट्या भरतील त्यांनी हजाराला भागले की वाटीचे वजन आले. पाण्याच्या बाजूसाठी अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी कामाला येते. आम्ही आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात वर्षभर याच दोन पिशव्यांवर काम भागवले.

पांझराकाठ, धुळे

सर, आचारी दादा, नवापूरचे भाऊ आणि भुसावळचे मित्र, तुम्हा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. काल दुपारी कोठीतली सगळी मापे काढून चिंचेने घासली आणि संध्याकाळपर्यंत तोलत बसले. आमच्या घरातले आकडे असे आले. रोजच्या वाटीत पाणी १५२ ग्रॅम आणि कोलम १२१ ग्रॅम. चिपट्यात पाणी २७५ आणि कोलम २२१. शेरात पाणी १,११० आणि कोलम ८९०. पायलीत पाणी ४ किलो ४२० ग्रॅम आणि कोलम ३ किलो ५४० ग्रॅम. सरांनी सांगितलेला ०.८ चा गुणक चारही भांड्यांत जवळजवळ तसाच उतरला, हे पाहून मला फार समाधान वाटले. त्याच वाटीत इंद्रायणी १२६ भरला आणि बासमती ११६.

नवापूरच्या भाऊंचे वाचून मग शीग लावूनही पाहिली. वाटी १२१ वरून १४७ वर गेली. पायलीचे तर ३ किलो ९३० ग्रॅम झाले, म्हणजे जवळजवळ माझेच चार किलो! क्षणभर वाटले की माझा हिशेब बरोबर होता आणि सासूबाई शीग लावत असाव्यात. म्हणून यजमानांना आणि आमच्या आत्याबाईंना विचारले. आत्याबाईंचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे, पण त्यांनी विचारताक्षणी हात आडवा फिरवून दाखवला आणि म्हणाल्या, "शीग खळ्यात, चुलीपाशी हात फिरवायचा." कानबाईच्या रोटाला आमच्या घरी प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, तिथे मोजणे मुठीचे असते, पण तांदूळ मात्र नेहमी सपाट, असे त्यांनी आवर्जून सांगितले. तेव्हा आमची पायली ३ किलो ५४० ग्रॅमची, आणि दोन पायल्या पाणी म्हणजे ८ लिटर ८४० मिलिलिटर. मी तांदूळ अर्ध्या किलोने जास्त घेतला आणि पाणी जवळजवळ एक लिटर कमी. आता कुठे तो भात मला समजला.

दोन शंका उरल्या आहेत. खिचडीला वहीत 'तीन वाट्या तांदूळ, एक वाटी तूरडाळ' असे आहे; तिथे डाळीलाही तांदळाचाच आकडा लावावा का? आणि जाऊबाईंना मधुमेह असल्याने त्यांना शिजलेल्या भाताची वाटी किती कोरड्या तांदळाची होते हे हवे आहे.

गिरणाथडी, चाळीसगाव

ताई, आपले आकडे मी दोनदा तपासले. ते अत्यंत स्वच्छ आले आहेत. आपल्या पायलीच्या आणि शेराच्या आकड्यांत चारच्या पटीपेक्षा वीस मिलिलिटरचा फरक आहे, तो भांड्याच्या घडणीचा असेल आणि स्वयंपाकाला त्याने काही बिघडत नाही. शेवटचे ग्रॅम सोडून ३ किलो ५०० लिहिले तरी चालेल, मात्र पाणीही त्याच प्रमाणात ८ लिटर ७५० लिहावे.

तूरडाळ तांदळापेक्षा किंचित जड भरते, कारण तिची दले आखूड आणि गोलसर असतात. आपल्याच वाटीने ती एकदा तोलून घ्या. खिचडीत तीनास एक हे प्रमाण वजनातही जवळजवळ तसेच राहील, इतका तो फरक लहान आहे. तांदळाच्या पिठाला मात्र हा आकडा लावू नका. दळल्यावर हवा जास्त कोंडते आणि वाटी शंभर ग्रॅमच्या आसपासच भरते. पोहे आणि मुरमुरे तर त्याहून कितीतरी हलके, त्यांचे आकडे वेगळेच घ्यावे लागतील.

शिजलेल्या भाताबद्दल सांगायचे तर दुपटीच्या पाण्यात शिजलेला एक किलो तांदूळ साधारण पावणेतीन किलो भात देतो. आपल्या १५२ मिलिलिटरच्या वाटीत मोकळा भात न दाबता भरला तर तो शंभर ग्रॅमच्या आसपास भरेल, म्हणजे कोरडा तांदूळ सुमारे ३६ ग्रॅम. दाबून भरली तर हा आकडा चटकन वाढतो. जाऊबाईंनी शिजलेला भात वाटीने न मोजता काट्यावर तोलावा आणि पावणेतीनने भागावा. किती खायचा हे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेले असेल, त्याला हा हिशेब उपयोगी पडेल.

आचारी, यावल

पाण्याचा आकडा लिहाल तिथे पातेल्याचे नाव आणि झाकणाची नोंदही लिहा, ही माझी विनंती आहे. तांदळाचा आकडा पुण्यात गेला तरी तोच राहील. पाण्याचा राहणार नाही.

पांझराकाठ, धुळे

लिहिले आहे, दादा. पहिले पान आज पूर्ण झाले, ते इथे उतरवते: "पंगतीचा भात, पाने चाळीस. जुना कोलम, कोरडा, सपाट पायली एक, म्हणजे ३ किलो ५०० ग्रॅम. पाणी ८ लिटर ७५० मिलिलिटर, न भिजवता, रुंद पितळी पातेल्यात, उघड्या चुलीवर. भिजवल्यास आणि झाकण घट्ट असल्यास, भिजताना प्यालेले धरून, एकूण पाणी ८ लिटरपासून सुरू करावे आणि दाणा पाहून वाढवावे." शेजारी सासूबाईंच्या अक्षरातली मूळ ओळ जशीच्या तशी चिकटवली आहे. येत्या एकादशीचे पारणे सोडायला घरची बारा माणसे आहेत, तेव्हा शेरावर हेच करून पाहते आणि पाण्याचा आकडा कळवते.